पळसाच्या पानांचा नवरा

“अंता, आमच्या मालकांना अग्नी द्यायचा हाय. कवा जमंल तुला?”

पोह्यांचा घास तोंडात तसाच राहिला. समोर अंगणात मथुराकाकू उभ्या होत्या. वय नव्वदीच्या पुढं, कंबर वाकलेली, हातात काठी. कपाळावर मात्र बंद्या रुपयाएवढं ठसठशीत कुंकू आणि मनगटं भरून हिरव्या बांगड्या. त्यांच्या मागं, फाटकाशीच, त्यांच्या पुतण्याची सून उज्ज्वला थांबली होती. डोक्यावर पदर, नजर खाली. आत ये म्हटलं तरी ती आत आली नाही.

“कुणाला अग्नी, काकू?” मी घास गिळत विचारलं.

“का? मला नवरं किती हायेत?”

नवरा एकच होता. रंगनाथ माळवदे हा माणूस आमच्या करंजपेठेत कुणी पाहिलेला नव्हता. म्हणजे ज्यांनी पाहिला ते सगळे केव्हाच वर गेले होते. मथुराकाकू एकोणीस वर्षांच्या असताना गावात एक नाटक कंपनी उतरली होती. राजा-राण्यांचे पोशाख शिवायला त्यांना शिंपी हवा होता. रंगनाथाचा हात चांगला आणि गाव सोडायची हौस दांडगी. “दोन महिन्यांत येतो” म्हणून तो कंपनीच्या बैलगाड्यांबरोबर निघाला, तो गेलाच. वर्षभर कार्डं आली. मग कंपनी कुठंतरी कर्नाटकात फुटली म्हणे, आणि कार्डंही थांबली.

माणूस बारा वर्षं बेपत्ता असला की शास्त्रानं त्याला मेलेला धरायचं. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, त्याला रीतसर अग्नी द्यायचा आणि मागं राहिलेल्या बायकोचं कुंकू पुसायचं. बारा वर्षं भरली तेव्हा माझे आजोबा पळसाची पानं घेऊन माळवद्यांच्या दारात गेले होते. मथुराकाकू उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. हातात कापड कापायची कात्री होती. “मालक जित्तं हायेत. पाला घेऊन माघारी जावा,” म्हणाल्या. आजोबा पाला घेऊन माघारी आले. ही गोष्ट आमच्या घरात हसत हसत सांगितली जायची.

तेव्हापासून त्या सवाष्ण राहिल्या त्या राहिल्याच. सासू-सासरे गेले, दीर-जाऊ गेले, बरोबरीच्या सगळ्या जणी एकेक करून पांढऱ्या कपाळाच्या झाल्या, आणि मथुराकाकू आपल्या हिरव्या बांगड्यांनिशी मशीनवर बसलेल्या. तरुणपणी ज्या बायका त्यांना नाक मुरडायच्या, त्यांच्याच नाती पुढं पाया पडायला यायला लागल्या. एवढं अखंड कुंकू गावात दुसरं नव्हतं. नवरीच्या चोळीचा पहिला टाका मथुराकाकूंनी घातल्याशिवाय करंजपेठेत लग्न उभं राहायचं नाही. हळदीकुंकवाला पहिला मान त्यांचा आणि सवाष्ण म्हणून जेवायला पहिला पाट त्यांचा.

आणि ह्या बाई सकाळी सकाळी माझ्या दारात येऊन नवऱ्याला जाळायचं म्हणत होत्या!

माझं वय तेव्हा सत्तावीस. वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि सगळ्या गावची भिक्षुकी माझ्या गळ्यात पडली होती. लग्नं, मुंजी, सत्यनारायण हे झोपेतही लावले असते. पण असल्या विधींची पोथी उघडायची म्हटलं की मला घाम फुटायचा.

“काकू, काही कळलंय का? कुणी निरोप वगैरे आणलाय?”

“काय न्हाई. कोन आनतंय आता.”

“मग इतक्या वर्षांनी...”

“तुझ्याच्यानं हुतं का न्हाई, तेवढं सांग. न्हाईतर मी मिरजंचा भट आनते.”

धंद्याचा प्रश्न आल्यावर मी सरळ बसलो. होतं म्हणालो. अमावास्या चांगली म्हणालो. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांना भीती घालावी म्हणून असेल, मी पोथीतलं पुढचंही सांगितलं. “पण एक लक्षात घ्या. एवढं सगळं करून माणूस परत आला तर मोठा घोळ असतो. त्याला तुपात न्हाऊ घालायचं, नवा जन्म झाला असं धरायचं, बारसं करायचं आणि मग पुन्हा लग्न लावायचं.”

“कुणासंगं?”

“त्याच बायकोशी. तसंच शास्त्र आहे.”

काकूंनी काठीवर हनुवटी टेकली. मग त्यांच्या दात नसलेल्या तोंडात हसू पसरलं. “म्हंजे आले तर माझ्यासंगच? मग झालं तर. अमाशाला धर.”

जाताना त्यांनी फाटकाशी उज्ज्वलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी हळूहळू निघून गेल्या. उज्ज्वलाचा नवरा प्रदीप, म्हणजे दामूअण्णांचा मुलगा, आदल्या वर्षी ट्रकखाली सापडून गेला होता. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. ते लग्न माझ्या वडिलांनी लावलं होतं आणि मी अंतरपाट धरला होता. त्या दिवशी ती सारखी हसत होती, एवढं मला आठवतं. आता चालताना तिच्या पायांचा आवाजही येत नव्हता.

दुपारी दामूअण्णा आले. पेठेतल्या ‘माळवदे टेलर्स’चे मालक, काकूंचे पुतणे, खरं तर त्यांनीच वाढवलेले. गळ्यात टेप तशीच लटकत होती. दुकान टाकून धावत आले होते.

“गुरुजी, तुमी न्हाई म्हणा.”

“मी कसं म्हणू, अण्णा?”

“म्हणा की, वय झालंय, भरमलीय म्हातारी. अवो, चार दिसांची सोबती ती. कुंकू लावून जाऊ द्या की सोन्यासारखी! गावानं हिरवं लुगडं काढून ठिवलंय तिच्यासाठी. मिरवत नेतील. आन् ही बया आता, ह्या वयात, कपाळ पुसून घेती?” दामूअण्णांचा आवाज चिरकला. “माझं पोरगं गेलं. माझ्या सुनंचं कपाळ मी रोज बघतोय. आता हिचं बी बघू?”

मला त्यांचं पटत होतं. तसं मी बोललोही. दोघं मिळून काकूंना समजवायला गेलो. काकू माजघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. आमचं सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“दामू, तुझ्या हातनं अग्नी द्यायला जमनार का न्हाई?”

“न्हाई जमनार, काकी. मी जित्त्या मानसाला जाळनार न्हाई,” दामूअण्णा हट्टानं म्हणाले. “तूच सांगत हुतीस न्हवं आमाला, काका जित्तं हायेत म्हणून? जलमभर सांगितलंस!”

काकूंच्या तोंडावर काहीतरी हललं. पण त्या माझ्याकडं वळल्या. “अंता, अग्नी द्यायचा अधिकार बाईला असतो का?”

खोटं बोललो असतो तर तिथंच संपलं असतं. पण पोथीत जे होतं ते तोंडातून निघून गेलं. “मुलगा नसेल तर बायकोला असतो.”

“मग मी देते. जा तू दुकानात, गिऱ्हाइकं खोळंबली असतील.”

घरी येऊन मी आईपुढं कुरकुर केली. लग्नं लावणारा माणूस मी. एका सवाष्णीला माझ्या हातानं विधवा करायची म्हणजे हात कसा उचलेल, असं काहीबाही. आई तांदूळ निवडत होती. वडील गेल्यापासून ती फारशी बोलत नसे.

“तिनं स्वतः मागितलंय ना?” ती म्हणाली.

“हो, पण का मागितलंय ते सांगत नाही.”

“नसेल सांगायचं तिला. तुझे वडील गेले त्या दिवशी माझ्या बांगड्या काढताना मला कुणी विचारलं नव्हतं. निदान ती स्वतःच्या तोंडानं सांगतेय. कर तू.” आणि तिनं सुपातले तांदूळ पाखडायला घेतले. बोलणं संपलं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी सामान सांगायला मी माळवद्यांकडं गेलो. माजघरात पांढरं मांजरपाट पसरलेलं होतं. काकू मध्ये बसून वितीनं मोजत होत्या आणि उज्ज्वला खडूनं खुणा करत होती.

“काय शिवताय?”

“सदरा,” काकू म्हणाल्या. “उघडंच जाळनार का त्यांना? शिंपी मानूस तो. हां पोरी, छातीला ह्या माझ्या तीन विती. न्हाई, जरा कमी. हाताला इथनं... हितपतुर.” त्यांनी हवेत एक खांदा पकडला आणि दुसऱ्या हातानं त्याच्या मनगटापर्यंत माप दाखवलं. तिथं खरंच कुणी उभं असावं असा त्यांचा हात थांबत होता. “गळा सैल धर. घट्ट गळा त्यांना चालत न्हवता. सारखं बटन काडायचे.”

उज्ज्वलानं निमूटपणे गळा सैल धरला. ती कमालीची वाळली होती. बांगड्या नसलेल्या मनगटाची हाडं वर आली होती. स्वयंपाकघरातून दामूअण्णांची बायको, सुमनवहिनी, काकूंना चहा घेऊन आल्या आणि उज्ज्वलाच्या पुढून पदर सांभाळून गेल्या. सासूनं पदर सांभाळलेला सुनेला दिसला. ती खडू ठेवून परड्यात निघून गेली.

“बगितलंस?” काकू मला हळूच म्हणाल्या. मी काय बघायचं होतं ते मला कळलं नाही. मी आपला दर्भ, तूप, काळे तीळ यांची यादी सांगून निघालो.

अमावास्येला सकाळी मी पुढं जाऊन नदीकाठी पुतळा बांधून ठेवला. मापाबिपाचा विचार केला नव्हता. पोथीत सांगितल्याप्रमाणं दर्भ, पळसाची पानं आणि नारळ एवढं एकत्र करून हातभर लांबीचा नमुना केला होता. काकू रिक्षातून आल्या. बरोबर उज्ज्वला एकटीच. घरातलं दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. असल्या कामाला सवाष्णी येत नाहीत आणि दामूअण्णांनी तर दुकानही उघडलं नव्हतं.

काकूंनी पुतळा चाचपून पाहिला. डोळ्यांना दिसत नव्हतं तितकं हातांना दिसत होतं. “ह्यो कोन?” त्या म्हणाल्या.

“असाच करतात, काकू. प्रतीक असतं.”

“एवढं बारीक न्हवते रं. चांगले उंच हुते.” त्यांनी पिशवीतून सदरा काढून माझ्या हातात दिला. “ह्यो त्यांना यायला पायजे.”

मी सदऱ्याकडं पाहिलं. चांगल्या उंचपुऱ्या माणसाचा सदरा होता. वाद घालण्यात अर्थ नव्हता. काठावरच्या पळसाच्या झुडपांची पानं मी ओरबाडायला लागलो. उज्ज्वलाही आली. तिनं ओंजळी भरभरून आणल्या. आम्ही दोघांनी मिळून तो सदरा भरला. दोन्ही बाह्या भरल्या, पोट भरलं, छाती भरली. खाली पिशवीतलं धोतर नेसवलं. होता होता चितेवर खरोखरीच एक माणूस आडवा झाला.

मी उज्ज्वलाला नदीवरून घागर भरून आणायला पाठवलं आणि काकूंजवळ बसलो. आता मात्र मला राहवेना.

“काकू, मी पुढं काही करायच्या आधी एकदा सांगा. का? ते गेले असं तुम्हाला वाटतं?”

“न्हाई,” त्या लगेच म्हणाल्या. “मला अजून वाटतंय येतील. दारात कुनी चप्पल काडली की वाटतं. ह्या वयात लाज वाटती सांगायला, पन वाटतं.”

“मग जाळताय कशाला?”

त्या नदीकडं बघत होत्या. तिकडं पांढऱ्या लुगड्यातली उज्ज्वला घागर बुडवायला वाकली होती. काकूंना ती नीट दिसत नसणार, पण त्यांची मान बरोबर तिकडं होती.

“दोन सालं झाली, मला सुईचं नाकं दिसत न्हाई. पयला टाका माझा, बाकी समदी चोळी हिची. गावाला कुठं ठावं हाय! प्रदीप गेला तरी मी हिलाच शिवायला लावली. तेवढाच पोरीचा जीव रमायचा. दिवाळीत खालच्या आळीची जगतापीण पोरीची चोळी न्यायला आली, आन् ही दाराशी बसून दातानं दोरा तोडत हुती. जगतापीण काय ओरडली-बिरडली न्हाई. चोळी घेतली, अंगनात टाकली. मी म्हनलं, अगं, टाका माझा हाय. तर म्हनती, टाका तुमचा हाय वो मथुराकाकू, पन तोंड हिचं लागलं.”

मी चितेचं एक लाकूड सारखं केलं.

“त्या दिसापास्नं ही जेवत न्हाई. बसवली तर दोन घास, ते बी माझ्या तोंडाकडं बगून. बोलत न्हाई. तुझ्या दारात आले त्या दिशी पाहटं उठून बगते तर अंथरुनात न्हाई. परड्यातल्या हिरीवर, काठावर पाय सोडून बसली हुती. मी म्हनलं, काय करतीस बाई? तर म्हनली, पानी किती हाय ते बगतीया.”

काकूंनी हातातली काठी खाली ठेवली.

“मी तिच्याजवळ जाऊन बसते, तर सुमन मला उटवती. तुमी सवाष्ण, तिकडं चला. सनाला मला पाट, रांगोळी. हिला परड्यात पत्रावळ. मी म्हनते मला बी तिकडंच वाडा, तर म्हनत्यात, असं करू नये, अवलक्षन हाय. मी म्हातारी, मला काय करायचे हायेत ते पाट? पन ह्ये कुंकू हाय तवर मला तिच्या पंगतीला कुनी बसू द्यायचं न्हाई. एकटी बसून बसून मरंल ती, अंता.”

“पण काकू, इतकी वर्षं तुम्ही वाट पाहिलीत.”

“पाहिली की.” त्यांनी डोळे मिटले. “त्ये यायचे तवा येतील. ही आत्ता निघालीया.”

घागर घेऊन उज्ज्वला वर आली. मला मंत्र आठवेनात. पहिल्या दोन ओळी मी चुकीच्या म्हटल्या आणि पुन्हा सुरुवात केली. काकूंना धरून चितेला फेरी घालायला लावली. मध्येच त्या थांबल्या आणि हात पुढं करून त्यांनी त्या पानांच्या माणसाची कॉलर सारखी केली.

कुंकू पुसायची वेळ आली. हे काम विधवेनं करायचं असतं. मी उज्ज्वलाकडं पाहिलं. ती मागं सरकली.

“न्हाई! मी न्हाई पुसनार,” ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी मी तिचा आवाज ऐकत होतो. “थोरल्या आजी, कशापायी करताय ह्ये? माझ्यासंगं केलं तसं मी तुमच्यासंगं करू?”

“तू नगं करूस, बाळा,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी पदराचं टोक थुंकीनं ओलं करून स्वतःच कपाळ पुसलं. इतक्या वर्षांचं कुंकू ते. एकदा पुसून जाईना. त्या पुसत राहिल्या. शेवटी तिथं पांढुरका गोल डाग उरला. बांगड्या त्यांनी दगडावर आपटल्या नाहीत, एकेक करून काढून नदीत सोडल्या. मग माझ्या हातातलं पेटतं लाकूड घेतलं.

पळसाची पानं ओली होती. आधी नुसता धूर झाला, मग सदऱ्यानं पेट घेतला. तोवर काकू जागच्या जागी उभ्या होत्या. सदऱ्याची बाही आगीनं आकसून अचानक कोपरातून वर उचलली गेली. असं होतं, आत हवा असली की कापड उचलतं. पण काकूंच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. “अहो!” एवढंच त्या म्हणाल्या. आणि चितेकडं धावल्या. ती कंबर वाकलेली, काठीशिवाय चार पावलं न चालणारी बाई धावली. उज्ज्वलानं मागून कव घातली म्हणून वाचल्या.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, कारण गावाचं त्यात काही सांगण्यासारखं नाही. मथुराकाकूंनी कुंकू पुसलं म्हणून करंजपेठेला काही उपरती वगैरे झाली नाही. चार दिवस लोक हळहळले, मला दोन शिव्या बसल्या, आणि पंधरा दिवसांच्या आत वरच्या आळीत दुसरी एक पंचाऐंशी वर्षांची सवाष्ण सापडली. चोळीचा पहिला टाका तिच्याकडं गेला. तिला सुई धरता येत नव्हती, पण ते चालवून घेतलं. काकूंना मात्र त्यानंतर कुठलं बोलावणं आलं नाही. ज्या नाती पाया पडायच्या, त्या रस्त्यात भेटल्या तर बाजूनं जायच्या. त्या आणखी पाच वर्षं जगल्या. गेल्या तेव्हा ते हिरवं लुगडं दामूअण्णांच्या ट्रंकेतच होतं. त्यांना पांढऱ्यातच नेलं. उज्ज्वला आजही आहे. दुकानातल्या दोन मशिनी तीच चालवते, आणि शाळेचे गणवेश शिवायला तिच्या हाताशी चार मुली असतात. विहिरीचं मी तिला कधी विचारलं नाही.

पण मला आठवतो तो त्याच दिवशीचा दुपारचा प्रसंग.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी अन्न न्यायचं असतं. माळवद्यांकडं त्या दिवशी कुणी न्यायचं, हा शेजाऱ्यांना प्रश्नच पडला असावा. सत्तर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं कसलं सुतक! शेवटी माझ्या आईनं मऊ भात आणि वरण केलं आणि डबा माझ्या हातात दिला.

पुढच्या खोलीत दामूअण्णा भिंतीकडं तोंड करून निजले होते. सुमनवहिनींनी मागच्या दाराकडं बोट केलं. मी परड्यात गेलो. तिथं गोठ्याच्या पडवीला पोत्यावर दोघी बसल्या होत्या. इतके दिवस जिथं उज्ज्वला एकटीच बसायची, तिथं.

मी डबा ठेवला. उज्ज्वलानं दोन पत्रावळींवर भात वाढला. काकूंच्या मनासारखं सगळं झालं होतं. आता त्यांना तिच्या पंगतीतून उठवणारं कुणी नव्हतं. मला वाटलं, आता त्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवतील, तिला जेव म्हणतील. त्यासाठीच तर सगळं केलं होतं.

पण काकूंना पोरीचं भानच नव्हतं. त्या पत्रावळीसमोर हात मांडीवर टाकून बसल्या होत्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

“मालक गेले गं,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, नुसता पाला हाय. गेले की गं खरंच.”

नव्वदीची ती बाई एकोणीस वर्षांच्या पोरीसारखी हुंदके देत होती. सत्तर वर्षं जे दुःख त्यांनी दाराबाहेर उभं केलं होतं, ते आज घरात आलं होतं. मला ते बघवेना. जायला हवं होतं, पण मी तिथंच थांबलो.

उज्ज्वला त्यांच्याकडं बघत राहिली. मग सरकून अगदी त्यांच्या कुशीला लागून बसली. तिनं त्यांच्या पत्रावळीतला भात बोटांनी मऊ केला, वरण कालवलं आणि छोटासा घास करून त्यांच्या ओठांशी नेला. काकूंनी मान फिरवली.

“खावा, थोरल्या आजी,” ती म्हणाली. “आज नरड्याखाली उतरत न्हाई. उद्या बी न्हाई उतरायचं. परवा थोडं उतरतं. मला म्हाईत हाय.”

काकूंनी नुसती मान हलवली.

उज्ज्वला क्षणभर तो घास हातात धरून थांबली. मग तिनं तो स्वतःच्या तोंडात घातला, सावकाश चावला, आणि कष्टानं गिळला. दुसरा घास केला.

“ह्ये बगा, मी खाल्ला,” ती म्हणाली. “आता तुमी.”